अपंगत्वाशी समायोजन आणि समुपदेशन : सातारा-सांगली परिसराशी निगडित जीवनकथनांचा चिकित्सक विचार

प्रस्तावना

मराठी वाचकाला अपंग व्यक्तीची कथा नवी नाही. वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्या, दिवाळी अंक, शालेय क्रमिक पुस्तके, महाविद्यालयीन स्नेहसंमेलनातील भाषणे अशा अनेक ठिकाणी ती भेटते. या कथेचा साचा ठरलेला असतो. अपघात किंवा आजार येतो, निराशेचा काळ येतो, मग ‘जिद्द’ जागी होते आणि शेवटी पदक, पुरस्कार किंवा संस्था उभी राहते. निराशा आणि यश यांच्यामध्ये जो दीर्घ काळ जातो, त्याबद्दल ही कथा बहुधा दोन-तीन वाक्यांत बोलते. त्या काळात कोण भेटले, कोणी काय शिकवले, कोणते साधन हाती आले, हे प्रश्न मागे पडतात. वस्तुतः समुपदेशन ज्याला म्हणतात ते याच काळात घडत असते.

प्रस्तुत लेखात या दुर्लक्षित मधल्या काळाचा वेध घेण्याचा प्रयत्न केला आहे. त्यासाठी सातारा-सांगली परिसराशी निगडित काही जीवनकथने आणि जीवनकार्ये विचारात घेतली आहेत. हे दोन जिल्हे एकत्र घेण्यास ऐतिहासिक आधार आहे. १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ या नावाने निर्माण झालेल्या जिल्ह्यालाच १९६० मध्ये ‘सांगली’ हे नाव मिळाले. सैन्यभरतीची परंपरा, ऊसशेती, सहकार आणि मिरजेची वैद्यकीय कीर्ती ही या भूभागाची ओळख आहे. पेठ येथील मुरलीकांत पेटकर, बत्तीस शिराळा येथील लेखिका-अनुवादक सोनाली नवांगुळ, फलटणच्या निंबकर कुटुंबातील कमला निंबकर आणि शेजारच्या कोल्हापुरात कार्य उभे करणाऱ्या नसीमा हुरजूक यांचा येथे मुख्यतः विचार केला आहे.

‘समुपदेशन’ या संज्ञेची अडचण

‘समुपदेशन’ ही संज्ञा मराठीत रूढ झाली असली तरी तिच्या पोटात ‘उपदेश’ हा शब्द आहे, आणि तो केवळ शब्दातच राहिलेला नाही. अपंगत्व आलेल्या माणसाला भेटायला येणारा प्रत्येक जण उपदेश करतो. ‘धीर सोडू नकोस’, ‘मन घट्ट कर’, ‘देवाच्या मनात असेल ते होईल’, ‘अमक्याला तर दोन्ही पाय नाहीत, तरी तो बघ’ ही वाक्ये सद्भावनेने उच्चारली जातात. परंतु ती ऐकणाऱ्याच्या वाट्याला केवळ एक जबाबदारी येते. त्याने धीर धरायचा, त्याने मन घट्ट करायचे. सांत्वन, सल्ला आणि उपदेश या तिन्हींत बोलणारा वरच्या पायरीवर असतो. कार्ल रॉजर्स यांनी १९५१ मध्ये मांडलेल्या व्यक्तिकेंद्री उपचारपद्धतीत समुपदेशकाचे मुख्य काम ऐकण्याचे मानले गेले. मराठी संज्ञेत मात्र ऐकण्याचा भाव कोठेही सूचित होत नाही.

अपंगत्वासाठी वापरल्या जाणाऱ्या शब्दांचेही असेच आहे. ‘पांगळा’, ‘लंगडा’ यांपासून ‘अपंग’, ‘विकलांग’ आणि गेल्या दशकात शासनव्यवहारात आलेल्या ‘दिव्यांग’ या शब्दापर्यंतचा प्रवास वरवर पाहता अवहेलनेकडून आदराकडे झालेला दिसतो. परंतु ‘दिव्यांग’ या शब्दातही एक अपेक्षा दडलेली आहे. ज्याला दिव्यत्व बहाल केले त्याने काहीतरी दिव्य करून दाखवावे, अशी ती अपेक्षा होय. साधेपणाने जगू इच्छिणाऱ्या अपंग व्यक्तीला या शब्दात जागा शोधावी लागते.

समायोजनाची सैद्धांतिक बाजू

अपंगत्वाशी समायोजन ही प्रक्रिया दीर्घकाळ टप्प्यांच्या स्वरूपात मांडली गेली. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये मृत्यूला सामोऱ्या जाणाऱ्या रुग्णांच्या संदर्भात नकार, संताप, घासाघीस, विषण्णता आणि स्वीकार हे पाच टप्पे सांगितले. पुढे हा आराखडा अपंगत्वालाही लावला जाऊ लागला. मात्र मरणारा माणूस आणि मज्जारज्जूला इजा होऊन पुढे चाळीस वर्षे जगणारा माणूस यांच्यापुढचे प्रश्न एक नाहीत. दुसऱ्याला उद्या सकाळी उठायचे असते. १९८९ मध्ये वॉर्टमन आणि सिल्व्हर यांनी हानीनंतरच्या वर्तनाविषयीच्या रूढ समजुती तपासल्या. प्रत्येकाने विषण्णतेतून गेलेच पाहिजे किंवा कधीतरी पूर्ण स्वीकार झालाच पाहिजे, या गृहीतकांना पुरेसा आधार नसल्याचे त्यांनी दाखवले.

या संदर्भात बीट्रिस राइट यांचे १९६० मधील विवेचन अधिक उपयुक्त ठरते. त्यांनी ‘प्रसरण’ ही कल्पना मांडली. शरीराच्या एका उणिवेवरून संपूर्ण व्यक्तीविषयीचे मत ठरवले जाणे, असा तिचा अर्थ आहे. ग्रामीण जीवनात याची उदाहरणे पावलोपावली आढळतात. पाय गेलेल्या थोरल्या भावाला जमिनीच्या वाटणीच्या बैठकीत विचारले जात नाही. चालता न येणाऱ्या मुलीच्या लग्नाचा विषय घरात कोणी काढत नाही. डोळ्यांनी न दिसणाऱ्या माणसाशी बोलण्याऐवजी लोक त्याच्या सोबत्याशी बोलतात. राइट यांच्या मते समायोजन म्हणजे मूल्यांमध्ये होणारा बदल होय. गमावलेल्या गोष्टीपलीकडेही मोलाचे काही आहे हे उमगणे, अपंगत्वाचा परिणाम जेथल्या तेथे रोखणे, देहाला सर्वोच्च स्थान न देणे आणि इतरांशी तुलना करण्याऐवजी हाती असलेल्या क्षमतेचे मोल ओळखणे, असे या बदलाचे स्वरूप आहे. ही चार कामे एकट्याच्या मनोबलावर होत नाहीत. ‘प्रसरण’ इतरांच्या नजरेत असते, त्यामुळे ते रोखण्याचे कामही इतरांच्या सहभागावाचून होऊ शकत नाही.

साहित्यचिकित्सेच्या दृष्टीने आर्थर फ्रँक यांची १९९५ मधील मांडणी महत्त्वाची आहे. आजारपणाच्या कथनांचे त्यांनी तीन प्रकार केले. पूर्ववत होण्याचे कथन, विस्कळीत कथन आणि शोधाचे कथन, असे ते प्रकार होत. यांपैकी विस्कळीत कथन सांगणे सर्वांत कठीण, कारण त्या अवस्थेतील माणसाला आरंभ-मध्य-शेवट अशी मांडणीच सापडत नाही. मराठीत प्रसिद्ध होणारी बहुतेक कथने शोधाची आहेत. विस्कळीत अवस्थेतील माणूस लिहीत नाही, म्हणून तो वाचकाला भेटत नाही, ही मर्यादा पुढील विवेचनात लक्षात ठेवावी लागेल.

मुरलीकांत पेटकर : पदकामागील उपचार

वाळवा तालुक्यातील पेठ परिसरातून सैन्यात गेलेले मुरलीकांत पेटकर मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि कमरेखालील शरीर निकामी झाले. १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे झालेल्या पॅरालिम्पिक स्पर्धेत पन्नास मीटर मुक्तशैली जलतरणात त्यांनी सुवर्णपदक मिळवले. भारताचे ते पॅरालिम्पिकमधील पहिले सुवर्ण होय. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कबीर खान दिग्दर्शित ‘चंदू चॅम्पियन’ हा त्यांच्या जीवनावरील हिंदी चित्रपट २०२४ मध्ये प्रदर्शित झाला आणि त्याच वर्षाचा अर्जुन जीवनगौरव पुरस्कार त्यांना देण्यात आला.

मुष्टियोद्धा जलतरणाकडे कसा वळला, हा या जीवनकथेतील कळीचा प्रश्न आहे. मुंबईतील नौदलाच्या ‘अश्विनी’ रुग्णालयात उपचार सुरू असताना पोहणे हे प्रथम त्यांना उपचार म्हणून सुचवले गेले. पाण्यात शरीराचा भार हलका होतो आणि निकामी पायांचा अडथळा कमी होतो. जमिनीवर परावलंबी असलेला देह पाण्यात पुन्हा आपल्या आज्ञेत येतो. हा विचार कोणा एका उपचारकाचा नव्हता. लुडविग गुटमन यांनी १९४४ पासून इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल रुग्णालयात मज्जारज्जूला इजा झालेल्या सैनिकांसाठी खेळाला उपचाराचा भाग बनवले होते. २९ जुलै १९४८ रोजी त्यांनी तेथे स्पर्धा भरवल्या आणि त्यांतूनच पॅरालिम्पिक चळवळ वाढली. म्हणजे ज्या व्यासपीठावर पेटकर उभे राहिले ते व्यासपीठच मुळात पुनर्वसनाच्या विचारातून जन्मले होते. हायडेलबर्गला जाण्यासाठी माजी क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्या पुढाकाराने त्यांना साहाय्य मिळाले, तर पुढे पुण्यातील टाटांच्या कारखान्यात त्यांना नोकरी मिळाली. रुग्णालय, उपचारक, प्रवासाचा खर्च उचलणारी माणसे आणि उपजीविका अशी ही साखळी आहे.

चित्रपट या साखळीकडे अगदीच पाठ फिरवत नाही. रुग्णालयातील सहवास आणि जुन्या प्रशिक्षकाचा आधार त्यात दिसतो. परंतु चित्रपटाच्या रचनेत नायकाचे बालपणीचे पदकाचे स्वप्न हा मुख्य धागा आहे, आणि अपंगत्व हा त्या स्वप्नाच्या वाटेवरील अडथळा ठरतो. उपचाराची जागा सरावाने आणि उपचारकाची जागा प्रशिक्षकाने घेतली आहे. करमणूकप्रधान चित्रपटाकडून वेगळी अपेक्षा करता येणार नाही, हे मान्य केले तरी त्याचा परिणाम दुर्लक्षिण्याजोगा नाही. प्रेक्षकाच्या मनावर ‘मनात आणले तर माणूस काहीही करू शकतो’ हे ठसते. ‘रुग्णालयात योग्य वेळी योग्य माणूस भेटला म्हणून मनात आणणे शक्य झाले’ हे ठसत नाही.

येथे सैनिक आणि सामान्य ग्रामस्थ यांच्यातील अंतरही लक्षात घ्यावे लागते. सैनिकासाठी लष्करी रुग्णालये आहेत, निवृत्तिवेतन आहे, खडकी येथे १९७४ पासून पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे. अपशिंगे (मिलिटरी) सारख्या सैनिकी परंपरेच्या गावातील जखमी जवानाला निदान एक वाट ठाऊक असते. त्याच जिल्ह्यात विहिरीच्या कामावर पडलेला मजूर, कडबाकुट्टी यंत्रात हात गेलेला शेतकरी किंवा महामार्गावर दुचाकीच्या अपघातात सापडलेला तरुण यांना मात्र शस्त्रक्रियेनंतर घरी पाठवले जाते. मिरजेत शस्त्रक्रिया करणारे हात १८९४ पासून आहेत, कारण डॉ. विल्यम वॉनलेस यांच्या रुग्णालयाची परंपरा तेव्हाची आहे. परंतु रुग्ण घरी गेल्यावर सोप्यातील खाटेवर जो काळ सुरू होतो, त्याची जबाबदारी कोणाची हे ठरलेले नाही. अशा माणसाला पेटकरांचे उदाहरण सांगितले जाते, पेटकरांना मिळालेली साखळी मात्र दिली जात नाही. मग उदाहरण हाच एक आरोप होऊन बसतो.

‘चाकाची खुर्ची’ : भेटीचे महत्त्व

नसीमा हुरजूक यांचे ‘चाकाची खुर्ची’ हे मेहता पब्लिशिंग हाऊसने प्रकाशित केलेले आत्मकथन या विषयावरील मराठीतील महत्त्वाचे पुस्तक आहे. वयाच्या सोळाव्या वर्षी त्यांच्या शरीराचा कमरेखालील भाग निकामी झाला. पुढे त्यांनी शिक्षण पूर्ण केले, केंद्रीय उत्पादनशुल्क व सीमाशुल्क विभागात नोकरी केली आणि १९८४ मध्ये कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था स्थापन केली. सांगली-साताऱ्यासह दक्षिण महाराष्ट्रातील अपंगांच्या पुनर्वसनात या संस्थेचे नाव आदराने घेतले जाते.

या जीवनात वळण आणणारी घटना म्हणजे एक भेट आहे. स्वतः त्याच अवस्थेत असलेले, व्यवसायात स्थिरावलेले आणि हातांनी चालवता येईल अशी रचना करून घेतलेली मोटार स्वतः चालवणारे बाबूकाका दिवाण त्यांना भेटले. मराठीत अशा माणसाला ‘समदुःखी’ म्हणण्याची पद्धत आहे, परंतु तो शब्द येथे अपुरा पडतो. दुःख समान असणे एवढ्यानेच भागत नाही. त्याच वाटेवर काही पावले पुढे गेलेल्या माणसाला पाहिल्याने आपल्यापुढेही वाट असल्याची खात्री पटते. अंथरुणावर पडून होणाऱ्या जखमा कशा टाळाव्यात, लघवी-शौचाची व्यवस्था कशी ठेवावी, खुर्चीवरून पलंगावर कसे सरकावे, घराबाहेर पडताना लोकांच्या नजरांचे काय करावे, हे प्रश्न डॉक्टरला विचारण्याचा संकोच वाटतो आणि घरच्यांना त्यांची उत्तरे ठाऊक नसतात. ‘ज्याचे जळते त्याला कळते’ ही म्हण येथे केवळ सहानुभूतीपुरती नाही. ज्याने भोगले त्याच्याजवळ तंत्रही असते. अमेरिकेत १९७२ मध्ये बर्कली येथे स्थापन झालेल्या स्वतंत्र जीवन केंद्राने अशा समअनुभवी समुपदेशनालाच कार्याचा पाया मानले. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्कविषयक करारातील पुनर्वसनाच्या कलमातही समअनुभवींच्या आधाराचा उल्लेख आहे. भारताने तो करार २००७ मध्ये मान्य केला.

पुस्तकाच्या नावाकडेही लक्ष द्यावयास हवे. ‘चाकाची खुर्ची’ हे एका साधनाचे नाव आहे. दया, दैव, जिद्द यांपैकी काहीही त्यात नाही. रूढ भाषेत चाकाची खुर्ची हे बंधनाचे प्रतीक मानले जाते आणि माणूस खुर्चीला ‘खिळला’ असे म्हटले जाते. प्रत्यक्षात खुर्ची मिळण्यापूर्वी तो खाटेला खिळलेला असतो आणि खुर्ची मिळाल्यावर हलू लागतो. साधनाला शीर्षकाचा मान देऊन लेखिकेने हा विपर्यास दुरुस्त केला आहे. या पुस्तकाच्या इंग्रजी अनुवादाच्या शीर्षकात मात्र खुर्ची नाहीशी झाली आणि ‘अविश्वसनीय कहाणी’ असा अर्थ देणारे शब्द आले. साधनाकडून चमत्काराकडे झालेला हा प्रवास अपंगांच्या कथनांचे वाचन कोणत्या दिशेने केले जाते, हे पुरेसे स्पष्ट करतो. अविश्वसनीय गोष्टीचे अनुकरण कोणी करत नाही, खुर्ची मात्र दुसऱ्यालाही देता येते.

सोनाली नवांगुळ : अपंगत्वापलीकडील लेखन

बत्तीस शिराळ्याच्या सोनाली नवांगुळ यांना बालपणी बैलगाडीच्या अपघातात मज्जारज्जूची इजा झाली. पुढे त्या कोल्हापुरात आल्या, हुरजूक यांच्या संस्थेत काही वर्षे काम केले आणि नंतर स्वतःच्या घरात स्वतंत्रपणे राहू लागल्या. तमिळ लेखिका सलमा यांच्या कादंबरीचा ‘मध्यरात्रीनंतरचे तास’ हा त्यांचा मराठी अनुवाद २०२० च्या साहित्य अकादमी अनुवाद पुरस्कारास पात्र ठरला.

समायोजनाच्या दृष्टीने येथे दोन गोष्टी नोंदवण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे संस्थेतून बाहेर पडणे. संस्था सुरक्षितता देते, सोयीची इमारत देते, आपल्यासारखी माणसे देते. पण पुनर्वसन संस्थेपाशीच थांबले तर उर्वरित समाजाला बदलण्याची गरज उरत नाही. स्वतंत्र राहण्याचा निर्णय हा त्या समाजापुढे ठेवलेला प्रश्न आहे. दुसरी गोष्ट पुरस्काराविषयीची. तो मिळाला तमिळनाडूतील मुस्लिम स्त्रियांच्या अंतर्विश्वाची कादंबरी मराठीत आणल्याबद्दल. नवांगुळ अपंगत्वाविषयीही लिहितात, परंतु त्यांची वाङ्मयीन ओळख त्या एका विषयात कोंडलेली नाही. दुसऱ्याच्या भाषेतील दुसऱ्या स्त्रियांचे बंदिस्त जगणे समजून घेणे हे अनुवादकाचे काम आहे आणि त्याची पारख भाषेवरूनच व्हावयास हवी. तरीही अनुवादाच्या गुणदोषांपेक्षा अनुवादिकेच्या खुर्चीचीच चर्चा अधिक व्हावी, हा मोह वाचकाला होतो. राइट ज्याला ‘प्रसरण’ म्हणतात ते कौतुकाच्या रूपानेही होऊ शकते, असा याचा अर्थ आहे.

कमला निंबकर : कामातून सावरणे

सातारा जिल्ह्यातील फलटणचे निंबकर कुटुंब शेतीसंशोधन आणि शिक्षण यांसाठी परिचित आहे. याच कुटुंबातील, जन्माने अमेरिकन असलेल्या कमला निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराचे भारतातील पहिले विद्यालय सुरू केले. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेची शाळा ‘कमला निंबकर बालभवन’ या नावाने ओळखली जाते. मात्र भारतीय पुनर्वसनक्षेत्रातील त्यांचे हे आद्य कार्य परिसरातील फारच थोड्यांना ठाऊक असते.

व्यवसायोपचारात ‘व्यवसाय’ म्हणजे केवळ पोट भरण्याचा धंदा नव्हे. स्वतःचा सदरा घालणे, भाकरी थापणे, कुलूप उघडणे, सही करणे ही सगळी कामे त्यात येतात. एका हाताने बटण लावता आलेल्या माणसाला त्या दिवशी स्वतःविषयी जे कळते, ते तासभराच्या उपदेशाने कळत नाही. या पद्धतीत समुपदेशन बोलण्यापुरते मर्यादित राहत नाही, ते कामाच्या ओघात होते. आपले दुःख शब्दांत मांडण्याची सवय नसलेल्या ग्रामीण माणसासाठी ही पद्धत विशेष अनुरूप आहे. शेतकऱ्याला त्याच्या मनाविषयी विचारले तर तो ‘बरं आहे’ म्हणून गप्प बसतो. खुरपे धरता येईल अशी मूठ त्याला करून दिली तर तो बोलू लागण्याची शक्यता अधिक असते.

व्यवस्था आणि महाविद्यालये

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे २९.६३ लाख अपंग व्यक्ती होत्या. १९९५ च्या कायद्याची जागा घेणारा २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याने अपंगत्वाचे एकवीस प्रकार मान्य केले, शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान पाच टक्के जागा राखून ठेवण्याची तरतूद केली. पुनर्वसनाची जबाबदारी मात्र शासन आणि स्थानिक संस्थांच्या ‘आर्थिक क्षमतेच्या’ मर्यादेत टाकली आहे. परिणामी प्रमाणपत्र हा हक्क ठरतो आणि त्यानंतरची सोबत ही मर्जीची बाब राहते.

महाविद्यालयांच्या बाबतीत हे अधिक प्रकर्षाने जाणवते. अपंग विद्यार्थ्याचा सत्कार करण्यास वेळ लागत नाही. पण ग्रंथालय दुसऱ्या मजल्यावर असते, स्वच्छतागृहाचे दार खुर्चीपेक्षा अरुंद असते आणि अपघातानंतर वर्षभराने परतलेल्या विद्यार्थ्याशी काय बोलावे, हे वर्गशिक्षकाला कोणी शिकवलेले नसते. अशा वेळी तो विद्यार्थी ‘प्रेरणास्थान’ म्हणून व्यासपीठावर बसवला जातो आणि तासाला मात्र गैरहजर राहतो. त्या गैरहजेरीचे कारण पुन्हा त्याच्याच जिद्दीच्या अभावात शोधले जाते.

निष्कर्ष

१. विचारात घेतलेल्या जीवनकथनांत समायोजन घडवणारे घटक म्हणून योग्य वेळी झालेली भेट, उपचाराचे साधन, हाती आलेले काम आणि उपजीविका हे ठळकपणे दिसतात. मनोबल या घटकांच्या आधाराने वाढते. त्याला एकमेव कारण मानणे या कथनांनाच धरून नाही.

२. मराठीतील ‘जिद्दी’चा रूढ साचा यशस्वी व्यक्तीचा गौरव करतो, पण आधार न मिळालेल्या व्यक्तीवर अपयशाचा दोष टाकतो. या कथनांचे अध्यापन करताना नायकाइतकेच त्याच्या आधारसाखळीकडे विद्यार्थ्यांचे लक्ष वेधणे आवश्यक आहे.

३. समअनुभवी व्यक्तींनी केलेले समुपदेशन आणि व्यवसायोपचार हे दोन्ही मार्ग सातारा-सांगलीच्या परिसराला परके नाहीत. या परिसरातील माणसांच्या जीवनात आणि कार्यात त्यांचा पाया आहे. जिल्हा रुग्णालये व महाविद्यालये यांनी घरी परतणाऱ्या प्रत्येक रुग्णाची आणि वर्गात परतणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याची अशा एका तरी अनुभवी व्यक्तीशी गाठ घालून देणे, ही फार खर्चाची गोष्ट नाही.

४. उपलब्ध कथने बोलू शकलेल्यांची आहेत. विस्कळीत अवस्थेतच राहिलेल्या शेतमजुराचे, ऊसतोड कामगाराचे, घरात बंद राहिलेल्या मुलीचे कथन अद्याप मराठीत पुरेसे आलेले नाही. ते येण्यासाठी आधी कोणीतरी त्यांच्या खाटेपाशी बसून, उपदेश न करता, ऐकले पाहिजे.